सामाईक पाकीट आणि चार देश

स्कँडिनेव्हियाला जाऊन आले असं सांगितलं की माणसं दोन प्रश्न विचारतात. थंडी किती होती, आणि खर्च किती आला. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. जून महिना होता, एक स्वेटर आणि एक विंडचीटर पुरला. दुसऱ्याचं उत्तर माझ्या मैत्रिणीच्या वहीत आहे. शंभर पानी, रेघांची, शाळेतल्या मुलांची असते तसली वही. तिच्या प्रत्येक पानावर चार रकाने आखलेले आहेत : डॅनिश क्रोनर, स्वीडिश क्रोनर, नॉर्वेजियन क्रोनर आणि फिनलंडपुरता युरो. एकमेकांना लागून असलेले चार देश, पण नाणी चौघांची वेगळी. पाचवा रकाना रुपयांचा. तो ती रोज रात्री भरायची, म्हणजे जिथं रात्र होत होती तिथं.

२००९ सालच्या जूनमध्ये आम्ही दोघी पाठीवर एकेक सॅक घेऊन चोवीस दिवस हे चार देश फिरलो. आगगाडीनं आणि बोटीनं. काटेकोर बोलायचं तर फिनलंडला स्कँडिनेव्हियात धरत नाहीत, पण रेल्वेचा पास चौघांचा मिळून होता, त्यामुळे आम्ही तो वाद घातला नाही. दोघींची वयं तेव्हा सत्तेचाळीस. रत्नागिरीला एका बाकावर बसून दहावी झालेल्या. पुढे मी पुण्यात बँकेत लागले, ती सरकारी रुग्णालयात परिचारिका झाली. माझ्या घरी दोन पगार, मुलगा नोकरीला लागलेला. तिच्या घरी एकच पगार, मुलगी इंजिनिअरिंगला आणि फ्लॅटचा हप्ता चालू. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढच्या सगळ्या प्रवासात गाडी-बोटींइतकंच हेही आमच्याबरोबर होतं.

जायचं कुठं हे तिनं ठरवलं. ‘इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या,’ ती म्हणाली, ‘आता जिथं रात्रच होत नाही ते गाव बघायचंय.’ मग दोघींनी पोस्टात पाच वर्षांचं रिकरिंग उघडलं, सारख्या हप्त्याचं. हप्ता तिला झेपेल तेवढा. अट एकच : जे काही होईल ते दोघींच्या सारख्या पैशांत. एक रेक्झिनचं पाकीट, त्यात दोघींनी सारखे टाकायचे, आणि खर्च करायचा तो त्यातूनच. पाकीट तिच्याकडे.

आता स्वस्तात फिरायचं म्हणजे काय करायचं, ते थोडं सांगते. युरोपबाहेरच्या लोकांना रेल्वेचा पास मिळतो, तो आम्ही इथूनच घेतला. दोन महिन्यांत आपल्याला हवे ते दहा दिवस वापरायचा. प्रवासाच्या दिवशी पासावरच्या चौकोनात शाईनं तारीख घालायची. खाडाखोड केली तर तो दिवस बाद. मैत्रीण पेशंटच्या तक्त्यावर औषधाची वेळ लिहावी तशी ती तारीख लिहायची आणि मग मला दाखवायची. (आता हे पास मोबाइलवर आले, शाईचं काम संपलं.) राहायला युथ हॉस्टेल. नाव युथ असलं तरी वयाची अट नसते. आमच्या खोलीत एकदा सत्तरीच्या एक जर्मन आजीबाई होत्या. या हॉस्टेलांत खाट मिळते, चादरी मिळत नाहीत, भाड्यानं घ्याव्या लागतात. ते भाडं ऐकून मैत्रिणीनं आईच्या दोन जुन्या सुती साड्या काढल्या आणि त्यांच्या पिशव्या शिवल्या. पिशवी म्हणजे माणूस आत शिरून झोपेल एवढी, उशीला वर झालर. वजनाला काही नाही, धुतली की तासाभरात वाळणारी. ओस्लोत एका ऑस्ट्रेलियन मुलीनं ती विकत मागितली. खायला मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, आमसुलं बरोबर. तांदूळ, बटाटे, दही तिथं दुकानात घ्यायचं आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात शिजवायचं. त्या स्वयंपाकघरात बहुतेक ठिकाणी एक फळी असते. पुढे जाणारे लोक उरलेलं मीठ, तेल, अर्धा पुडा शेवया तिच्यावर ठेवून जातात, ज्याला हवं त्यानं घ्यावं. आम्ही चोवीस दिवसांत मीठ विकत घेतलं नाही.

फ्रँकफुर्टपर्यंत विमान, तिथून हँबुर्ग आणि हँबुर्गहून कोपनहेगनची गाडी. या गाडीनं मला जो आनंद दिला तो पुढे एकाही राजवाड्यानं दिला नाही. जर्मनीच्या किनाऱ्यावर पुटगार्डन नावाचं बंदर आहे. तिथं गाडी हळू झाली, आणि मग अख्खी गाडी, डब्यांसकट, माणसांसकट, बोटीच्या पोटात शिरली. बोटीच्या तळाला रूळ घातलेले. शेजारी ट्रक, मोटारी, मध्ये आमचा डबा. सगळ्यांनी खाली उतरून वर डेकवर जायचं असा नियम. पाऊण तास समुद्र ओलांडायचा, परत जिना उतरून आपापल्या सीटवर येऊन बसायचं, आणि पलीकडे डेन्मार्कमध्ये गाडी रुळांवरून सरळ चालू लागते. कोकण रेल्वे यायच्या आधीचा कोकणातला माझा जन्म. आगगाडी आणि बोट या दोन गोष्टी एकमेकींत बसू शकतात हे मला डोळ्यांनी बघूनही खरं वाटेना. २०१९ च्या डिसेंबरात ही पद्धत बंद झाली. आता तिथं समुद्राखालून अठरा किलोमीटरचा बोगदा बांधताहेत. तो झाला की वेळ वाचेल. वाचू दे.

कोपनहेगनबद्दल फार सांगत नाही, सगळेच सांगतात. सायकली खरंच तेवढ्या आहेत. तिथून माल्मो म्हणजे स्वीडन, गाडीनं पस्तीस मिनिटं. आधी पाण्याखालचा चार किलोमीटरचा बोगदा, मग भर घालून केलेलं एक बेट, आणि मग जवळजवळ आठ किलोमीटरचा पूल. हा पूल २००० साली झाला. आम्ही गेलो तेव्हा एक देश संपून दुसरा कधी लागला हे मैत्रिणीला फक्त दुकानातल्या नाण्यावरून कळलं. डॅनिश नाण्याला मध्ये भोक, स्वीडिशला नाही.

स्टॉकहोमला आम्ही तुरुंगात राहिलो. लाँगहोल्मेन नावाच्या बेटावरचा हा तुरुंग १९७५ साली बंद झाला आणि पुढे त्याचं हॉटेल आणि हॉस्टेल केलं. खोली म्हणजे कैद्याची कोठडी. पैसे देऊन तुरुंगात राहिलेली आमच्या घराण्यातली मी पहिलीच. निघायच्या दिवशी कळलं की खोली आपली आपण झाडून-पुसून द्यायची, नाहीतर साफसफाईचे वेगळे पैसे भरायचे. ते पैसे एका वेळच्या जेवणाहून जास्त होते. मैत्रिणीनं बादली घेतली, मी झाडू. शेजारच्या कोठडीतलं स्वीडिश जोडपंही तेच करत होतं. चांगले पन्नाशीचे, खाली त्यांची मोटार उभी.

तिथंच फरशी पुसता पुसता ती म्हणाली, ‘इथं वस्तू महाग नाही गं. माणूस महाग आहे.’

हे मला आधी सुचलं नव्हतं. मी आपली कॉफीचे रुपये करून हळहळत होते. एका कपाचे दीड-दोनशे रुपये. पण त्या कपात काही दोनशे रुपयांची कॉफी नसते. ती करून देणाऱ्या मुलीचा पगार असतो, तिची सुट्टी, तिचं आजारपण, सगळं असतं. जिथं माणसाचा हात लागतो तिथं तुमचा खिसा रिकामा होतो : हॉटेल, केस कापणं, टॅक्सी, कुणीतरी वाढलेलं जेवण. आणि जिथं हात लागत नाही, किंवा जे सगळ्यांचं मिळून आहे, तिथं दोन गरीब बायका राणीसारख्या राहू शकतात. नळाचं पाणी कुठंही प्यावं. वाचनालयात शिरावं, उबेत बसावं, वर्तमानपत्रातली चित्रं बघावी. रानातून चालावं. स्वीडन-नॉर्वेत जमीन कुणाच्या मालकीची असली तरी तिच्यावरून पायी जायचा, घरांपासून दूर एखादी रात्र तंबू टाकायचा हक्क प्रत्येकाला आहे. नॉर्वेत त्याचा कायदा १९५७ चा आहे. तंबू घराजवळ असेल तर दीडशे मीटरचं अंतर ठेवायचं, एवढंच. आपल्याकडे नेमकं उलटं. माणूस स्वस्त, म्हणून घरी बाई येते, रिक्षा मिळते, हॉटेलात पाणी आणून द्यायला वेगळा पोऱ्या असतो. आणि प्यायच्या पाण्याची बाटली मात्र विकत. मैत्रिणीच्या वॉर्डात रात्री चाळीस खाटांमागे ती एकटी असायची. ‘माझी किंमत इथं आले असते तर कळली असती,’ असं ती हसत म्हणाली, पण बादली जरा जोरातच आपटली. तिथलं सगळंच गोड आहे असं नाही. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पैसे पडायचे, आणि ते देताना तिचा जीव अर्धा व्हायचा. म्हणून आम्ही वाचनालयांत जास्त गेलो असू.

स्टॉकहोमहून फिनलंडला रात्रीची बोट. सात-आठ मजली, आत दुकानं, नाचगाणी, खेळायची मशीनं. आणि तिकीट किती स्वस्त! पास असल्यामुळे आणखी सवलत. रहस्य काय म्हणाल तर ओलांड. स्वीडन आणि फिनलंड यांच्या मधोमध ओलांडची बेटं आहेत. राज्य फिनलंडचं, भाषा स्वीडिश, १९२१ साली राष्ट्रसंघानं निकाल दिला तेव्हापासून स्वायत्त. युरोपीय संघात १९९९ साली देशादेशांमधली करमुक्त विक्री बंद झाली, पण ओलांड त्या करव्यवस्थेच्या बाहेर आहे. म्हणून बोट भर रात्री त्या बेटाच्या धक्क्याला लागते, जेमतेम थांबते आणि पुढे जाते. चार-दोन माणसं उतरतात. पण बोट तिथं लागली की दारू, सिगारेट, चॉकलेट करमुक्त विकता येतं. सगळा धंदा त्यावर. आमच्यासारख्या न पिणाऱ्या दोघींचा प्रवास बाकीच्या दोन हजार लोकांच्या बिअरवर झाला. आम्ही केबिन घेतली नव्हती. एका कोपऱ्यात गालिच्यावर साडीच्या पिशव्या पसरल्या. पहाटे चारला जाग आली तर बाहेर लख्ख ऊन आणि दोन्ही बाजूंना बेटंच बेटं. काही एवढी लहान की एक घर, एक झाड, एक होडी, संपलं. परत येताना मुद्दाम दिवसाची बोट घेतली, कारण ते झोपून घालवण्यासारखं नव्हतं. तुर्कूहून आम्ही हेलसिंकीही करून आलो, पण त्याबद्दल वहीत फक्त ‘ट्रॅम, काळा ब्रेड, पाऊस’ एवढंच आहे आणि मलाही फारसं जास्त आठवत नाही.

मग उत्तर. स्टॉकहोम ते नार्विक, एकोणीस-वीस तासांची गाडी. आम्ही झोपायचा डबा न घेता बसायची जागा घेतली. रात्री अकराला पुस्तक वाचता येत होतं, बाराला येत होतं, एकला तिनं मला कोपर मारून उठवलं. बर्च झाडांच्या मागं आभाळ लालभडक, अंधार पडायचं नाव नाही. ‘ड्युटी संपली,’ ती म्हणाली, आणि खिडकीला डोकं लावून बराच वेळ गप्प बसली. मी विचारलं नाही.

हा रेल्वेमार्ग बांधला तो प्रवाशांसाठी नव्हे, लोखंडासाठी. किरुनाच्या डोंगरात लोहखनिज. स्वीडनचं बाल्टिकवरचं बंदर हिवाळ्यात गोठतं, पण नार्विकचं बंदर कोमट सागरी प्रवाहामुळे बारमाही उघडं राहतं. म्हणून १९०२ पर्यंत डोंगर फोडून हा मार्ग नार्विकला नेला. पुढे १९४० साली याच खनिजासाठी नार्विकमध्ये लढाई झाली. गंमत म्हणजे नार्विक नॉर्वेत असूनही तिथून नॉर्वेत कुठंच रेल्वे जात नाही, फक्त स्वीडनला जाते. वाटेत किरुनाला आमची गाडी थांबली ते स्टेशन आज नाही. खाणीमुळे खालची जमीन खचू लागली, म्हणून त्यांनी अख्खं गावच काही किलोमीटर पूर्वेला हलवायला घेतलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिथलं १९१२ सालचं लाकडी चर्च न मोडता, चाकांच्या गाड्यांवर चढवून, दोन दिवसांत पाच किलोमीटर नेलं. त्याची बातमी मैत्रिणीनंच मला पाठवली, खाली लिहिलं होतं : ‘आपलं किरुना सरकलं.’

नार्विकहून बोडोपर्यंत रेल्वे नाही, बस आहे. वाटेत खाडी आली की बसही बोटीत चढते. बोडोला पोचलो तेव्हा संध्याकाळ होती, पाऊस होता आणि स्वस्त खाट गावात कुठंच शिल्लक नव्हती. एका हॉटेलात खोली होती, अकराशे क्रोनर. तेव्हाच्या भावानं आठ हजार रुपये. पहाटेच्या बोटीला आठ-नऊ तास होते. माझ्या पर्समध्ये माझं कार्ड होतं. मी म्हटलं, आजची रात्र माझ्याकडून. वहीत लिहू नकोस. मैत्रिणीत कसला हिशेब?

ती म्हणाली, ‘मैत्रिणीतच असतो.’

हॉटेलच्या दारातल्या छपराखाली उभ्या राहून आम्ही भांडलो. मराठीत भांडल्यामुळे कुणाला त्रास झाला नाही. मी म्हणाले, तुझे गुडघे दुखताहेत, मला दिसतंय, हा हट्ट आहे. तिनं शांतपणे सांगितलं, ‘आज तू माझे पैसे भरलेस, तर उद्यापासून कॉफी घ्यायच्या आधी मी तुझ्या तोंडाकडे बघेन. तुला हवी का, तू देतेस का, असं. मग हा तुझा प्रवास आणि मी तुझ्याबरोबर आलेली. पाच वर्षं हप्ता भरला तो त्यासाठी नाही.’ आणि सॅक उचलून धक्क्याकडे चालू लागली.

मला अजूनही वाटतं की त्या रात्री ती खोली घेतली असती तर काही बिघडलं नसतं. पावसाला आमचं काय माहीत? पण मी तिच्या मागून गेले. धक्क्यावर मोटारींची रांग लागली होती. एका शेडखाली बाक होता. तिच्या पायांखाली माझी सॅक ठेवली, ती तिनं ठेवू दिली. तासाभरानं रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काच खाली केली आणि थर्मासमधली कॉफी दोन झाकणांतून आम्हाला दिली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. ती कॉफी तिनं माझ्या आधी घेतली. वहीत त्या रात्रीचा रकाना आहे : ‘बोडो, मुक्काम, ०.’

बोट साडेतीन-चार तासांची, उघड्या समुद्रातली. दोघींचीही पोटं ढवळली. आणि मग समोर लोफोटेनचे डोंगर, समुद्रातून सरळ वर आलेले, जणू सह्याद्रीचा कडा कुणी पाण्यात नेऊन उभा केला. मोस्केनेसच्या धक्क्यावरून पाच किलोमीटर चालत आम्ही त्या बेटाच्या टोकाच्या गावात गेलो. रस्ता तिथं संपतोच. गावाचं नाव एका अक्षराचं. त्यांच्या मुळाक्षरांतलं शेवटचं अक्षर, उच्चार ‘ओ’. अर्थ ओहोळ. आपण हाकेला देतो तोच ‘ओ’. ती दोन दिवस मला रस्त्यानं जाता-येता ‘ओ’ देत होती.

त्या गावात शिरण्याआधी त्याचा वास येतो. मी नाक उडवायच्या आत ती थांबली आणि लांब श्वास घेऊन म्हणाली, ‘सुकी मासळी!’ चेहरा असा की माहेरी आली. हिवाळ्यात कॉड मासे अंडी घालायला तिथं येतात, तेव्हा ते पकडून, डोकी काढून, शेपटीला जोड्या बांधून लाकडी मांडवांवर टांगतात. मीठ लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे, वारा आणि थंडी दोन्ही मिळून त्यांना लाकडासारखे कडक करतात. वर्सोव्याला बांबूंवर बोंबील टांगलेले असतात त्याचंच हे थोरलं भावंड. आम्ही गेलो तेव्हा मांडव उतरवायचं काम चाललं होतं. चांगला माल इटलीला जातो आणि डोकी नायजेरियाला, तिथं त्यांचं कालवण करतात. हे आम्हाला हॉस्टेलच्या मुलीनं सांगितलं. ती मुलगी स्वीडिश होती. उन्हाळ्यात नॉर्वेत जास्त पगार मिळतो म्हणून कामाला आलेली. मैत्रिणीला याचं फार नवल वाटलं. जिथं माणूस महाग तिथलेही लोक आणखी महाग देशात मजुरीला जातात! मग त्या दोघींचं पगार, पाळ्या, सुट्ट्या यांवर तासभर बोलणं झालं. मैत्रिणीचं इंग्रजी वॉर्डातलं, त्या मुलीचं शाळेतलं, पण विषय दोघींच्या हातचा होता. रात्री, म्हणजे उन्हातच, आम्ही भात आणि आमसुलाचं सार केलं. त्या मुलीनं दोन वाट्या सार प्यायलं आणि फळीवरचे बटाटे आम्हाला आणून दिले.

बोडोहून ट्रॉन्डहाइमपर्यंतची गाडी दहा तासांची, ७२९ किलोमीटर. ध्रुववृत्त ओलांडताना रुळांच्या कडेला दगडांची खूण दिसते, डब्यातले सगळे कॅमेरे घेऊन एका बाजूला झुकतात. उजाड पठार, उन्हाळ्यातही बर्फाचे पट्टे. फार सुंदर. पण या मार्गाचा मोठा तुकडा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी युद्धकैद्यांकडून बांधून घेतला, सोव्हिएत आणि युगोस्लाव्ह कैद्यांकडून. उपासमारीनं आणि थंडीनं त्यातले शेकड्यांनी मेले. हे वाचल्यावर मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे इथंही माणूस स्वस्त होता की.’ बोडोपर्यंत रूळ पोचले ते १९६२ साली, शांततेच्या काळात आणि पगार देऊन.

ओस्लोहून बर्गनच्या बाजूला जाणाऱ्या गाडीत आम्ही म्युर्दालला उतरलो. इथून फ्लोमला, म्हणजे फ्योर्डच्या काठाला, एक जगप्रसिद्ध छोटी गाडी जाते. वीस किलोमीटरमध्ये साडेआठशे मीटरहून जास्त उतार, अठरा मीटरला एक मीटर. आपल्या बोरघाटात सदतीसला एक आहे, यावरून कल्पना यावी. तेही दाती रूळ न घालता. पण या गाडीला पास चालत नाही, फक्त सवलत. वहीत पाहून तिनं जाहीर केलं की पैसे एका बाजूचेच आहेत. चढताना गाडी, उतरताना पाय. रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी केलेला जुना रस्ता अजून आहे, त्यावरून आम्ही उतरलो. सुरुवातीलाच एकवीस वळणं, मग नदी, शेळ्या, धबधब्यांचे तुषार. सहा तास लागले. तिचे गुडघे सुजले, पण तिनं स्वतःच बांधलेले क्रेप बँडेज होतं आणि तक्रार नव्हती. दुसऱ्या दिवशी वर येताना गाडी एका धबधब्यापाशी थांबली. एकदम संगीत सुरू झालं आणि खडकावर लाल कपड्यांतली एक बाई नाचायला लागली. पर्यटकांसाठी असतं ते. दोनशे लोक फोटो काढत होते. मैत्रीण म्हणाली, ‘बिचारी भिजत असेल. पगार चांगला असेल ना हिला?’

ओस्लोहून कोपनहेगनला परतायची बोट रात्रभराची. शेवटचा मुक्काम. पाकिटात किती उरलंय ते तिनं दोनदा मोजलं आणि मग म्हणाली, ‘केबिन घेऊ या.’ सगळ्यात खालच्या मजल्यावरची, बिनखिडकीची, इंजिनाचा घुर्र आवाज येणारी. दार लावलं आणि दिवा मालवला. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच संपूर्ण काळोख झाला. ती दहा तास झोपली.

कोपनहेगनच्या स्टेशनवर पाकीट पालथं केलं तेव्हा शहाऐंशी क्रोनर निघाले. त्रेचाळीस तिचे, त्रेचाळीस माझे. वाटणी तिनंच केली, सुट्ट्या नाण्यांनिशी. एक भोकाचं नाणं तिच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अजून आहे. तसलं पाकीट घेऊन आज त्या देशांत फिरणं कठीणच. विशेषतः स्वीडनमध्ये रोख पैसे आता जवळजवळ कुणी वापरत नाही, बसमध्ये तर घेतही नाहीत. कार्ड लागतं, आणि कार्ड कुणातरी एकीच्या नावावर असतं.

ती २०२० साली निवृत्त झाली. साल तुम्हाला माहीतच आहे. शेवटचे महिने तिचे कसे गेले ते ती सांगत नाही. गेल्या वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, आता जिने चढते. दोन महिन्यांपूर्वी आम्ही पोस्टात जाऊन परत रिकरिंग उघडलं. हप्ता किती ते तिनं सांगितलं, मी तेवढा फॉर्मवर लिहिला. कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही.